दोन डायऱ्या आणि ताईंची माफी

कानांच्या डॉक्टर सुमनताई देशकर यांच्याकडे काम मागायला मी शंकर नगरच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा त्यांनी आधी डायरी उघडली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बरोबर वेळेवर आले. बसा." तिथून आमचा परिचय सुरू झाला. आज ताई पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहू का, असं विचारल्यावर त्यांनी एकच अट घातली: "किसनभाऊंचं लिहाल, तरच लिहा."

ताई वेळा पेन्सिलीने कागदी डायरीत लिहीत. लिहिलं की माणूस लक्षात राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी कामाला लागल्यावर संगणकावरची डायरी आणली. ती सर्वांना दिसे, एका वेळी दोन नावं घेत नसे, पेशंटला आठवणही पाठवी. दोन्हींचे गुण आम्ही चहावर मोजत असू आणि काही महिने दोन्ही चालवल्या. तिथेच घात झाला.

किसनभाऊ शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांत, लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये कामाला. कान बिघडत चालले होते. तपासणीचा अहवाल दिला, तर त्यांना मोठ्या आवाजाच्या लाइनवरून हलवणार होते. ताईंनी फोनवर वेळ दिली, कागदावर लिहिली. संगणकात टाकायची राहिली. तिथे दिवस मोकळा दिसला, म्हणून दवाखाना बंद ठेवून ताई लग्नाला परगावी, नागपूरला गेल्या. किसनभाऊ रजा टाकून आले आणि कुलूप पाहून परतले.

परत आल्यावर ताईंना ते नाव दिसलं. रिसेप्शनवरची हिंदीभाषक मुलगी रडवेली झाली. "दीदी, कंप्यूटर में तो खाली था."

मी म्हटलं, "ताई, सिस्टीमचाच घोळ आहे."

"सिस्टीमचा काहून? वेळ मी दिली, मीच विसरली." चेहरा उतरला होता. त्या आमच्याकडे बघतही नव्हत्या.

त्याच दुपारी आम्ही उरल्याला गेलो. शिफ्ट सुटत होती. फाटकाशी किसनभाऊ दिसताच ताईंनी हात जोडले. "भाऊ, चूक माझी झाली."

त्यांना ऐकूच आलं नाही. "काय म्हणता, बाई?"

ताई पुन्हा म्हणाल्या. तरी नाही. मग भर गर्दीत, ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून त्या ओरडल्या, "चूक माझी झाली! मले माफ करा!" कामगार थबकून बघू लागले. शरमेने माझी मान खाली गेली.

किसनभाऊ शांतपणे म्हणाले, "माझी लाइन त बदलली नाही ना, बाई."

 ताईंनी किसनभाऊंना स्वतःच्या गाडीतून आणून तपासलं, अहवाल हातोहात नेऊन दिला, त्यासाठी त्या मॅनेजरच्या दाराबाहेर बाकावर ताटकळल्या. बदली झाली, पण पावसाळा उलटल्यावर. तोवर डावा कान पुरता गेला होता. वेळेत तपासणी झाली असती तर वाचला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. ताई त्या शंकेचा आधार घेत नाहीत.

त्यानंतर त्यांनी कागदी डायरी बंद केली आणि त्या एका बोटाने फोनवर वेळा टाकायला शिकल्या. संगणक आठवण पाठवतो, तरीही आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटला स्वतः फोन करतात.

सत्काराला पहिल्या रांगेत किसनभाऊंसाठी खुर्ची ठेवायला त्यांनी सांगितलं आहे. ते "पाहतो" एवढंच म्हणाले. ते येवोत, आणि ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं.