टेबलावरचं घर प्लॉटवर

घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल हे कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं, हे माझं काम. नकाशा इंजिनियर देतो. त्यावर मी भिंती चढवते, खिडक्या बसवते, रंग देते. नांदेडला माहेरी, वरच्या खोलीत, सात वर्षं मी हे एकाच डेस्कटॉपवर केलं. तो मीच जुळवला होता. कॅबिनेट एका दुकानातलं, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्यातलं, रॅम नंतर वाढवलेली. पंख्याच्या आवाजावरून आत काय चाललंय ते मला कळायचं. दिवाळीच्या साफसफाईत आई डबे घासायला काढायची आणि मी कॅबिनेटच्या बाजूची काच काढून ब्रशनं धूळ झाडत बसायची.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा कॅबिनेट रजईत गुंडाळून सोबत आणलं. नवरा शाळेत शिक्षक. त्याच्या ओळखीतून आसपासच्या गावांतली कामं मिळायला लागली. पण ही माणसं नांदेडच्या लोकांसारखी माझ्या टेबलापाशी येऊन बसत नसत. मी घराचा व्हिडिओ फोनवर पाठवायची आणि उलट एकच शब्द यायचा, ‘छान’.

त्या ‘छान’नं मी बेचैन व्हायची. बघितलं कुणी? घरात सगळ्यांनी, की एकट्या मालकानं? ते घर बघताना त्यांची नजर कुठं थांबली? हे जाणून घ्यायचं तर घर त्यांच्याकडे नेणं भाग होतं, आणि साध्या लॅपटॉपवर माझी फाइल धड उघडत नव्हती. शेवटी तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंगचा लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

दुकानदारानं विचारलं, “ताई, गेम कोणते खेळता?”

“एकही नाही.”

“मग हा कशाला?”

“घरात फिरायला.”

तो माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा म्हणाला, “खरंच सांगायली ती.”

घरी आणल्यावर मी आधी तो उलटा केला आणि मोबाइलच्या उजेडात जाळीतून आत डोकावले. तांब्याच्या चपट्या नळ्या दिसल्या, दोन छोटे पंखे दिसले. कार्ड कुठं असेल ते काही सापडेना.

“स्क्रू खोलू नको,” नवरा म्हणाला, “आजच आणलाय.”

नाही खोलले. पण पुढचे दोन दिवस कामापेक्षा त्याचे आवाज ऐकण्यातच गेले.

पहिल्यांदा तो घेऊन गेले रेणापूरच्या पलीकडं, एका शेतकरी कुटुंबाकडे. गावाच्या कडेला, राहत्या जुन्या घराला लागूनच, त्यांचा प्लॉट होता. चुन्याच्या फक्कीनं खोल्यांची आखणी झाली होती, पाया खोदायचा बाकी होता. व्हिडिओ बघून ‘छान’ म्हणणारे काका घरीच होते. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून आम्ही शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. लाइट नव्हती. बॅटरीवर चित्र जरा अडखळत होतं, आणि पंखे तर असे सुटले की घरातून काकू हात पुसत बाहेर आल्या.

“काय वाजायलंय हे?”

“तुमचं घर आहे, काकू. या, बघा.”

व्हिडिओ त्यांनी पाहिलेलाच नव्हता. काका जरा ओशाळले. “फोन माझ्याकडंच असतो ना,” म्हणाले.

बाणांची बटणं दाखवून मी म्हटलं, “ही दाबून चाला. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं.” पहिल्या झटक्यात त्या भिंतीत शिरल्या आणि खळखळून हसल्या. दुसऱ्यांदा दारातून नीट आत गेल्या. हॉलमध्ये त्या थांबल्याच नाहीत. माझ्या लाडक्या जिन्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापुढं उभ्या राहिल्या आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

“इथून तर भिंतच दिसायली.”

“कंपाउंडची आहे ती.”

“मग रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, मला कसं कळणार? जनावर सुटलं तर?”

काका म्हणाले, “आता आखणी झाली की सगळी.”

“आखणी झाली, पाया कुठं खांदलाय?”

त्या उठल्या आणि प्लॉटवर गेल्या. लॅपटॉप हातावर तोलत मी मागं गेले. फक्कीच्या रेघांमधून स्वयंपाकघराच्या चौकोनात त्या उभ्या राहिल्या. मग चार पावलं चालून समोरच्या खोलीच्या चौकोनात आल्या. तिथून गोठा दिसत होता, रस्ता दिसत होता, विहिरीकडची वाटही. “हितं,” एवढंच म्हणाल्या.

काकांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, “इंजिनियरला फोन लावतो.”

इंजिनियरनं कुरकुर करत नकाशा बदलून दिला. स्वयंपाकघर पुढं आलं, बैठकीची खोली मागं गेली. घर आता पुरं झालंय. वास्तुशांतीला गेले तेव्हा काकू ओट्यापाशीच होत्या, आणि मी फाटकातून आत यायच्या आधीच त्यांनी मला हाक मारली.

डेस्कटॉप आता नवरा निकालपत्रकांसाठी वापरतो. मी लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरते आणि लोकांच्या हाती बटणं देऊन गप्प बसते. कोण आधी कुठं जातं ते बघायचा मला नादच लागलाय. पुरुष बरेचदा घरातून बाहेर पडून रस्त्यावर उभे राहतात. आपलं घर येणाऱ्या-जाणाऱ्याला कसं दिसेल ते बघतात. एक सून थेट गच्चीवर गेली आणि खाली यायचं नावच घेईना.

परवा शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ मागच्या खोलीच्या खिडकीशी थांबले. बटण दाबायचं थांबवून त्यांनी विचारलं, “ह्या खिडकीच्या पलीकडं काय हाय?”

बाहेर नुसता करडा रंग होता. मी म्हटलं, “तिकडं काही काढलेलं नाही, काका. तुमचा प्लॉट तिथं संपतो.”

“संपतो कसा? तिथं माझ्या भावाचं घर हाय. काढा की तेबी.”

मी वही काढली. भावाच्या घराला दारं किती, रंग कोणता, अंगणात झाड आहे का, असं एकेक विचारत गेले. झाडापाशी ते अडखळले. कडुलिंब दारासमोर की जरा बाजूला, ते त्यांना नक्की सांगता येईना. मग आम्ही दोघं उठलो आणि भावाच्या घराकडे बघायला निघालो.