सबनीस काकूंची नवी डिस्क

हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, तेही नक्की सांगता येणार नाही.

बडोद्यात रावपुऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गेल्या वर्षी सबनीस काकू लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वीच गेले होते.

"दिलीपभाई, जरा जुओ ने, बघा तरी," त्या म्हणाल्या. "हे डबडं पण माझ्यासारखंच झालंय. उठायला वेळ लावतं, आणि उठलं की गुडघे वाजतात."

मी कान लावला. टक् टक् टक्... थोडं थांबून परत. हार्ड डिस्क शेवटच्या टप्प्यात होती.

"आत ह्यांचा आवाज आहे," काकू म्हणाल्या.

सबनीसांच्या घरी गायकवाडी काळातले मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारे घरात काका शेवटचे. रोज दुपारी एकेक कागद मोठ्याने वाचून ते लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचे. मुलांना मोडी येत नाही, नातवंडांना तर मराठीच जेमतेम...

आमच्या धंद्यात साधा नियम आहे — अशा डिस्कवरचं आधी सगळं कॉपी करून घ्यायचं, मगच तिला हात लावायचा. मला माहीत होतं. पण रिकामी डिस्क दुकानात नव्हती, बाजारात जायचा कंटाळा आला, आणि करजणला मेव्हणीकडे साखरपुड्याला जायचं होतं. मी दुरुस्तीचं स्कॅन लावलं, शटर ओढलं आणि गेलो. ते स्कॅन डिस्कला तासन्‌तास राबवतं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर लॅपटॉपला डिस्क दिसतच नव्हती. डेटा काढून देणाऱ्याकडेही पाठवली. आतली तबकडी घासली गेलीय, म्हणाला.

काकूंना मी सांगितलं, "तुम्ही आणलीत तेव्हाच गेलेली होती."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

नवी डिस्क बसवून दिली, एसएसडी. तिच्यात फिरणारं, हलणारं काहीच नसतं, नुसत्या चिप. आवाज यायचा प्रश्नच नाही.

आठवड्याने काकू परत आल्या. "आवाज अजून येतो हो."

"पंखा असेल, काकू." पंखा काढला. स्पीकरची वायर काढली, बॅटरी काढली. शेवटी डिस्कच बाहेर काढून रबरी मॅटवर ठेवली, कशालाही न जोडता. भर दुपार, बाहेर रिक्षांचे हॉर्न.

टक् टक् टक्... थोडं थांबून परत.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच राहिला.

"शब्द अडला की हे असंच पेन आपटायचे टेबलावर," काकू म्हणाल्या. "राहू द्या, भाई. परत बसवून द्या. वाचलेलं गेलं, पण एवढं तरी तुमच्यामुळे राहिलं."

मी बसवून दिली.

एका जाणकाराला काकूंचं नाव न सांगता विचारलं. "वहेम छे, भास आहे नुसता," म्हणाला. असेल. पण एकाच वेळी दोघांना? 

उत्तरायणला काकू दुकानात तिळगूळ देऊन गेल्या. मी तो घेतला.

त्यांनी आणली तेव्हा डिस्क जिवंत होती, काकांचं सगळं वाचन वाचवता आलं असतं, आणि ते माझ्या हातून गेलं. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.