पाचशे वर्षांचा खांब

चहा गार झाला तरी चालेल, पण मी स्वतःच्याच हातानं स्वतःचा पोपट कसा केला, ते आधी ऐका!

नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे जपानात, नागोयात आले आणि तीन वर्षं घरी बसले. मी, पुण्याची आर्किटेक्ट! शेवटी जवळच्या जुन्या व्यापारी पेठेत गाइडची जागा निघाली. तिथली लाकडी घरं म्हणजे माझा जीव की प्राण. ही नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती.

परीक्षेला निघताना नवरा, निखिल, म्हणाला, "हे बघ, जरा कमी बोल."

"अरे, नोकरीच बोलण्याची आहे!"

परीक्षा घ्यायला पेठेच्या मंडळाचे इशिदासान. सत्तरीचे, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! एका घरात शिरलो. मधोमध जाडजूड खांब, त्यावर वाकसानं, सुताराच्या त्या तासणीच्या हत्यारानं, तासल्याच्या खुणा. झालं, माझ्या अंगातच आलं!

"बघा इशिदासान! याला रंधा लागलेलाच नाही. म्हणजे खांब रंधा यायच्या आधीचा. पाचशे वर्षं तरी नक्की!"

"हाय," म्हणजे जपानीत 'हो', म्हणत त्यांनी मान डोलावली.

"आणि हा काळेपणा? पिढ्यान्‌पिढ्यांचा चुलीचा धूर!"

"हाय, हाय." पुन्हा मान.

आता माणूस एवढी मान डोलावतोय म्हटल्यावर मी थांबेन होय? नोकरी खिशात समजूनच मी चालले होते!

"सुतार बुंध्याशी नाव लिहायचे. थांबा, पुरावाच दाखवते!" मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसले. खरंच अक्षरं होती हो! मी खणखणीत वाचायला लागले, "इशि... दा..."

वर बघायची हिंमतच होईना.

"जुन्याला वाळवी लागली होती," वरून शांत आवाज आला. "पाच वर्षांपूर्वी हा मीच तासून बसवला. काळा रंगही मीच दिला."

"अहो, मग मला थांबवलं का नाही?"

"तुम्ही फार छान बोलत होतात."

इथं मान डोलावणं म्हणजे 'ऐकतोय', 'पटलं' नव्हे. तीन वर्षांत एवढंही कळू नये मला?

नोकरी मात्र मिळाली बरं का! इशिदासान म्हणाले, "आयुष्यात कुणी माझ्या कामाचं एवढं कौतुक केलं नव्हतं." फक्त पहिले सहा महिने माझी नेमणूक पेठेच्या तोंडाशी, जुन्या घरासारख्या बांधलेल्या नव्या स्वच्छतागृहापाशी. बांधकामाचं वर्ष पाटीवरच लिहिलंय.

मी ठणकावून सांगते, "गेल्या वर्षीचं आहे!" पर्यटक मान डोलावतात. आणि त्यांनी मान डोलावली, की मी गुपचूप मागे वळून पाटी पुन्हा वाचून घेते.