बाईच्या गुडघ्यांसाठी बाथरूम

माझी थोरली बहीण राजूरला तिच्या मुलाकडे असते. तिला मी बाई म्हणते. यजमान वारले तेव्हापासून मी यवतमाळच्या घरात एकटी, मूलबाळ नाही. दर दिवाळीला मी म्हणायची, "बाई, आता इथंच राह्य ना माह्याजवळ." आणि दर दिवाळीला तिचं एकच, "तुह्या बाथरूममधी खाली बसा लागते वं. माह्ये गुडघे मोडून ठेवशीन काय?"

ठीक आहे, म्हटलं. बाथरूमच बदलून टाकते, मग पाहू काय बोलते!

दुकानदाराने आधी टब दाखवला, पांढराशुभ्र, लांबलचक. आमच्याकडे नळ रोज येत नाही, अन् टब! "यात काय म्हैस डुंबवू?" मी विचारलं. तो हसला आणि थाळीएवढ्या शॉवरखाली घेऊन गेला. "मॅडम, आजकाल हेच चालून राह्यलं." चालत असेल बापा. पण आम्ही बायका रोज डोक्यावरून न्हातो का? केस वाळायला अर्धा दिवस जातो, वर सर्दी. त्याला हे घरी कोणी सांगितलंच नसावं. शेवटी हातात धरायचा शॉवर घेतला, लांब नळीचा, म्हणजे मान कोरडी ठेवून आंघोळ होईल. भिंतीला बसवायचं स्टूल घेतलं, खरबरीत फरशी घेतली, दारातला उंबरठा काढायला लावला. धरायचा दांडा मिस्त्री उंच लावत होता, त्याच्याशी भांडले. बाई बुटकी आहे, तिचा हात पोचला पाहिजे. एवढ्या हौसेने मी माझ्या लग्नातही काही निवडलं नव्हतं.

बाथरूम तयार झालं तसा भाचा बाईला माझ्याकडे आणून सोडून गेला. पहिल्याच सकाळी ती आत गेली ती बाहेरच येईना. मी घाबरून हाक मारली तर आतून आवाज, "थांब वं, मजा येऊन राह्यली!" मी दाराशी उभी राहून एकटीच हसले. दोन ताटं वाढताना वाटलं, जमलं बुवा. कपाटातला एक कप्पा तिच्या लुगड्यांसाठी रिकामा करून टाकला.

आठवड्याने भाचा आला. हातपाय धुवायला आत गेला आणि बराच वेळ मोबाईलवर फोटो काढत राहिला. "मावशी, लय भारी केलं तुनं." बाईची पिशवी तोवर भरलेली होती. "लेकरं वाट पाहून राह्यली वं," ती म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. मला असा राग आला! "जा मग," म्हटलं, "मी कायले अडवू?"

महिनाभराने भाच्याचा फोन, राजूरजवळच्या वणीतल्या नळ-फरशीच्या दुकानातून. स्टूल कोणतं, नळी किती लांब? आठवत नाही म्हणून सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण बाईच्या गुडघ्यांवर राग काढून काय करू? सगळं नीट सांगितलं. मागून बाईचा आवाज आला, खूष होता, "आता तूच ये इकडे, माह्यं बाथरूम पाहाले!"

"येतो ना," म्हटलं. फोन ठेवला आणि रडले.

या दिवाळीला मी तिला राहायला ये म्हटलं नाही. गुडघ्यांचं तर आता निस्तरलं. खरं कारण तिच्या तोंडून ऐकायची मला हिंमत नाही.