दहावा प्याला

आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी, आम्हा यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तो बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. त्या घरातली मी पहिली पदवीधर. मराठी शाळेत शिकले, तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आणि आता बहारीनमध्ये, मनामातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गेली तीन वर्षं संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून मी रब्बी होण्याचं, म्हणजे यहुदी धर्मगुरूचं, शिक्षण घेते आहे. शिकवणारे उदारमतवादी पंथाचे आहेत. त्यांच्याकडे बाईही रब्बी होऊ शकते. माझं इंग्रजी अडखळत असताना त्यांनी मला घेतलं, हे मी विसरत नाही. म्हणूनच ही गोष्ट लिहिताना जड जातं.

मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारे एक काका आहेत. आमच्याच तालुक्यातले, आमच्यासारखेच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. मी बहारीनला पहिल्यांदा उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. गेल्या हिवाळ्यात त्यांची आई गेल्याचा वर्षदिन शनिवारी आला. त्यांना आईसाठी कद्दिश म्हणायचा होता. गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही; दहा यहुदी हजर लागतात. गावी ते दहा पुरुषच असत.

"इथे दहा बाप्ये कुठून आणू, बाय?" काका फोनवर म्हणाले.

"काका, आमच्याकडे बायकाही धरतात."

"मोजायला?"

"हो."

"मग माझी आई ऐंशी वर्षं फुकटच मागे बसली म्हणायची!" ते मोठ्याने हसले. आणि लगेच विचारलं, "किती वाजता येऊ?"

मनामाजवळ बुदैयाला एका दंतवैद्य जोडप्याच्या व्हिलात आम्ही शनिवारी सकाळी जमतो. शिक्षणाचा भाग म्हणून प्रार्थना मी चालवते. काका अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. माझ्या गाडीत ते वाटभर कद्दिश पुटपुटत होते, आमच्या गावच्या चालीत.

आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द मनात म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा झाले. मी पुढे उभी राहिले आणि म्हणू लागले. घरच्या बाई, दोन अमेरिकन शिक्षिका, एका इंजिनिअरची आई, सगळ्यांच्या वाट्याला शब्द आला. काकांना नववा. एक शब्द उरला.

"अजून एक जण हवाय," मी म्हणाले. पंधरा मिनिटं आम्ही फाटकाकडे पाहत बसलो. हायवेवरून गाड्या जात राहिल्या, एकही वळली नाही. शेवटी कद्दिश गाळून मी पुढे गेले. काकांनी पुस्तक मिटलं.

प्रार्थनेनंतर सगळ्यांनी द्राक्षरसाचा एकेक छोटा प्याला घेतला. काकांनी तो उभ्यानेच संपवला.

"यल्ला, चला, शिफ्ट आहे. टॅक्सीने जातो," ते म्हणाले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "जाऊ दे गं. आईला थांबायची सवय आहे."

तासाभराने सगळे पांगले. दोन्ही शिक्षिका सुट्टीसाठी विमानतळावर गेल्या. मी प्याले गोळा करत होते. ट्रेमध्ये दहा झाले. एखादा जास्तीचा मांडला असेल, असं आधी वाटलं. मग दिसलं, माझ्या पुस्तकाशेजारून उचललेला शेवटचा प्याला अर्धा भरलेला होता. तो माझा होता.

गावच्या प्रार्थनालयात मी आईजवळ मागच्या बाकावर बसायचे. मोजणारे आजोबा मागे पाहतच नसत. पुढे मी बायकांना धरावं यावर वर्गासाठी निबंध लिहिला, शिक्षकांनी वाखाणला. त्या सकाळी परक्या बायकांना मी बिनदिक्कत धरलं. मलाच तेवढं धरायचं राहिलं.

मी तशीच मीना सलमानला गेले. काका वर्कशॉपच्या दारात आले, मास्क कपाळावर सरकवलेला.

"काका, दहा होते. मी मला मोजलंच नाही."

"ठाऊक आहे. मी मोजले होते. तुला धरून दहा भरले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. म्हटलं, पुढे उभं राहणाऱ्याला धरत नसतील. असेल काही शास्त्र."

"तसं काही शास्त्र नाही, काका."

"मग चुकलीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. जोड कच्चा आहे हे तपासून सांगावं, तसं सांगितलं आणि मास्क खाली ओढला.

मी रडले असते तर त्यांनाच माझी समजूत घालावी लागली असती. ते गाडीपर्यंत आवरलं.

पुढच्या शनिवारी आठच जण आले. त्याच्या पुढच्या शनिवारी सात. काका दर खेपेला रजा काढून येत राहिले. पाचव्या शनिवारी खोली भरल्यासारखी वाटली. मी पहिला शब्द स्वतःसाठी म्हटला आणि मग एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले. आईचा दिवस उलटून महिना झाला होता. शेवटचा शब्द माझ्या मनात पुरा व्हायच्या आत काका पुस्तक घेऊन उभे राहिले होते. या खेपेला ते माझ्या मोजणीवर थांबले नाहीत.