वेलिच्काने जपलेली ओळ

पर्वोमाय गावच्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात वेलिच्का दोन्चेवाची चूक कुणी दाखवली, असं कधी घडलं नव्हतं. चुका ती दाखवायची. हिशेबखात्यातल्या स्तांकाच्या बेरजा, गोदामवाल्याचं हस्ताक्षर, कँटीनच्या ताकातलं मीठ, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिचा नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, स्वभावाने थंड माणूस. तो मित्रांना सांगायचा, "घरी मी परवानगी काढून खोकतो." वेलिच्कालाही हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

कारखान्याचा सगळा कारभार एका मोठ्या संगणक प्रणालीवर चाले. खरेदी, पगार, गोदाम, शेतकऱ्यांचे करार, सगळं तिच्यात. त्या प्रणालीच्या तळाशी असलेला डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार, हे वेलिच्काचं राज्य. डेटाबेस सुरू होताना आधी एक छोटी फाइल वाचतो. मेमरी किती घ्यायची, एका वेळी किती जणांना आत सोडायचं, माहिती कोणत्या पद्धतीने शोधायची, अशा सूचना तिच्यात ओळीने लिहिलेल्या असतात. वेलिच्काने ही फाइल वर्षानुवर्षं पोसली होती. पगाराचा अहवाल अडकला, घातली एक ओळ. गोदामाचा हिशेब रखडला, घातली आणखी एक. आमच्याकडच्या बायका घरचं विरजण जसं जपतात, तशी ती ही फाइल जपायची, आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू द्यायची नाही.

जूनमध्ये, आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, प्रणालीची नवी आवृत्ती बसवायचं ठरलं. सोबतच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की, सुरुवातीच्या फाइलमधल्या जुन्या ओळी पुढे आणू नका. आम्ही दिल्यात तेवढ्याच घाला, बाकीच्या काढून टाका. ज्या सेटिंगचं नाव अधोरेषेने सुरू होतं, ती तर आम्ही सांगितल्याशिवाय मुळीच ठेवू नका.

वेलिच्काने हे वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती, आणि पुढे तिला तेच जास्त खुपलं.

"हे लिहिणाऱ्याने आपल्या कारखान्याचं फाटक तरी बघितलंय का?" ती स्तांकाला म्हणाली. तिने पुस्तिकेतल्या ओळी घातल्या आणि त्यांच्याखाली आपल्या जुन्या ओळीही तशाच राहू दिल्या. चाचणी झाली, सगळं सुरळीत चाललं. कारखान्याचे संचालक क्रस्तेव यांनी तिला सगळ्यांसमोर "कारखान्याचा पाया" म्हटलं. जूनमध्ये वजनकाट्यावर मालाच्या गाड्याच किती येतात, हा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

मग ऑगस्ट उजाडला आणि मिरच्या आल्या. या आमच्या गोड, लाल, वीतभर लांब मिरच्या. त्या भाजून, टोमॅटोबरोबर शिजवून जी ल्युतेनित्सा नावाची चटणी होते, तिच्यावर अर्धा कारखाना जगतो. फाटकातल्या वजनकाट्यावर शेतकऱ्याची गाडी उभी राहते, त्याचा करार संगणकावर शोधतात, वजन टाकतात, पावती देतात. घोटभर कॉफी पिऊन होईतो हे उरकायचं. यंदा शेतकऱ्याचं नाव टाकलं की संगणकाचा पडदा गोठून बसायचा. रांग पेट्रोलपंपाच्याही पुढे गेली. उन्हात मिरच्यांना पाणी सुटू लागलं, आणि पाणी सुटलेला माल कारखाना निम्म्या भावाने घेतो.

"काय हो, यंत्राला झोप लागली का?" ट्रॅक्टरवरून एकजण ओरडला.

"त्याला उठवायला क्रस्तेवच्या कजाग बायकोला बोलवा!" दुसरा म्हणाला. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

काट्यावरच्या संगणकाचा नवा प्रोग्राम झाहारीने लिहिला होता. झाहारी तेनेव हा तिशीतला, अबोल प्रोग्रामर. जवळच्याच गावचा, मिरच्यावाल्यांच्या घरातला. बैठकीत क्रस्तेव यांनी विचारलं, "दोष कुठे आहे?"

"डेटाबेस माझा ठणठणीत आहे," वेलिच्का म्हणाली. "काट्यावर नवीन काय आलंय ते बघा ना."

नाव तिने घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती.

क्रस्तेव झाहारीला घेऊन तडक फाटकावर गेले आणि भर रांगेत त्याच्यावर बरसले. "बघ! डोळे उघडून बघ! तुझ्या लोकांचा माल सडतोय, तुझ्यामुळे!" त्याच रांगेत झाहारीचा बाप तेन्यो ट्रॅक्टरवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं आणि मान फिरवून घेतली. वेलिच्काने हे वरच्या खिडकीतून पाहिलं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नवी पिढी अशीच उथळ, असं म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

मंगळवारी तिने डेटाबेस नेमकं काय करतोय ते उघडून पाहिलं. झाहारीची चूक पुराव्यासकट दाखवायची, एवढाच तिचा हेतू होता. दिसलं भलतंच. एका शेतकऱ्याचा करार काढायला डेटाबेस सगळे करार पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत होता. एका माणसाला भेटायचं म्हणून गावातलं प्रत्येक दार वाजवत जावं, तसं. आणि त्याला तसं वागायला सांगणारी ओळ तिच्या फाइलमध्ये होती. अधोरेषेने सुरू होणारी, फार पूर्वी एका पगाराच्या अहवालासाठी तिने स्वतः घातलेली. तो अहवाल बंद होऊनही जमाना झाला होता, आणि जुन्या आवृत्तीत निरुपद्रवी असलेली ती ओळ नव्या आवृत्तीला नडत होती.

तिचे कान तापले. जेवणाच्या सुट्टीत "जरा देखभाल करते" असं सांगून तिने ती ओळ काढली आणि डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू केला. संध्याकाळच्या आत रांग ओसरली.

क्रस्तेव आले ते हात पसरूनच. "वेलिच्का, त्या पोराची घाण तूच निस्तरलीस ना?"

सांगायची वेळ हीच होती. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं नुसतं "हं."

एवढ्याशा त्या "हं"ने तिची झोप उडवली. बुधवारी क्रस्तेव यांनी झाहारीचं प्रोग्रामिंग काढून घेतलं आणि मोसम संपेपर्यंत त्याला फाटकावर पावत्या फाडायला बसवलं. शेतकरी त्याला "इंजिनियरसाहेब, आज तरी हलेल का?" असं विचारत. वेलिच्का मागच्या दाराने ये-जा करू लागली. घरी नवरा खोकला तर ती काही बोलेना. तो घाबरून म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊया का तुला घेऊन?" आपल्याला स्वतःची किळस येते आहे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? उद्या सांगू, असं ती गुरुवारीही स्वतःला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी झाहारी चॉकलेटांचा डबा घेऊन वर आला. आमच्याकडे ज्याचं भलं झालं त्याने टेबलाटेबलाशी जाऊन गोड वाटायचं असतं. स्तांकाने दोन उचलली. "अरे वा, लग्न ठरलं की काय तुझं?"

"नोकरी राहिली, स्तांकाताई," तो म्हणाला. मग वेलिच्कासमोर येऊन त्याने डबा पुढे केला. "तुमच्यामुळे राहिली. रांग हटली नसती तर साहेबांनी हाकललंच असतं. वेलिच्काताई, एक विचारू? माझ्या प्रोग्राममध्ये चुकलं काय होतं? मी पुन्हा पुन्हा वाचला, मला सापडतच नाही. म्हणजे... पुढच्या वेळी तसं व्हायला नको."

त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"काही चुकलं नव्हतं," वेलिच्का म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्या फाइलमध्ये एक जुनी ओळ होती. काढा म्हणून सांगितलं होतं, मी काढली नव्हती. मग मंगळवारी ती काढली, आणि सगळं चालू झालं."

खोलीत सगळ्यांचे हात थांबले. स्तांकाच्या तोंडात चॉकलेट तसंच राहिलं. दारात क्रस्तेव उभे होते. ते हळूच म्हणाले, "हे इथल्या इथे मिटवूया, वेलिच्का. मोसम चालू आहे."

झाहारीने डब्याचं झाकण लावलं. "इथे सांगून माझं काय होणार?" तो म्हणाला. "बाबा खाली रांगेत आहेत. त्यांना सांगा."

ती खाली निघाली. क्रस्तेव यांनी हाक मारली, तरी थांबली नाही. फाटकाकडे जाताना तिला सारखं वाटत होतं की अंगावर कपडे नाहीत. तेन्यो ट्रॅक्टरवर बसून टोपीने वारा घेत होता. मागे ट्रॉलीभर मिरच्या. ती चाकाजवळ उभी राहिली आणि डेटाबेस सुरू होताना कोणती फाइल वाचतो, तिथून तिने सुरुवात केली.

"बाई," म्हातारा म्हणाला, "मला कळेल असं सांगा."

"चूक माझी होती. तुमच्या मुलाची नव्हती. तुमचा माल माझ्यामुळे खराब झाला, आणि शिव्या त्याने खाल्ल्या."

मागच्या गाडीवरचा माणूस खाली उतरला. "ऐका रे! आणि आपण त्या पोराला काय काय बोललो!" आणखी चार जण जवळ आले. वेलिच्काला वाटलं, यांनी आता मनसोक्त बोलून घ्यावं. पण सगळे तेन्योकडे बघत राहिले.

तेन्योने टोपी मांडीवर ठेवली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

आज कळलं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. "मंगळवारी," ती म्हणाली. "दुपारी."

"मंगळवारी," म्हातारा म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी तो गावी आला होता. मी कडी काढली नाही. बाहेरून सांगत होता, बाबा, माझं काही चुकलेलं नाही. मी आतून म्हणालो, खोटारड्या, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. त्याची आई रडत होती, तिलाही दार उघडू दिलं नाही."

काट्यावरून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो जागचा हलला नाही.

"तुम्ही माझ्याकडे येऊन चूक कबूल केलीत, बाई," तो म्हणाला. "आता मी त्याच्यापुढे कसा जाऊ?"