इटलीचं काम

वाळूजच्या एमआयडीसीत साहेबराव कुठं भेटतील असं विचारलं, तर चहाच्या टपरीवाला उलट विचारतो, "कोन, इटलीवाले?" आणि हसतो. इटली सोडा, साहेबरावांनी मुंबईसुद्धा चैत्यभूमीला जाण्यापुरतीच पाहिलेली. पण नाव पडलं ते पडलं.

माणूस मूळचा पिशोरचा. वडील धोंडिबा गावच्या हॉटेलात चहा प्यायचे तेव्हा त्यांचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला. प्यायचा, आपणच विसळायचा, परत खोचायचा. ही गोष्ट साहेबराव प्रत्येक गेटसभेत सांगत. आयटीआय करून ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत लागले, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेसवर उभे राहिले, पर्मनंट झाले आणि युनियनमध्ये शिरले. गडी बोलायला असा, की त्याच्या हाती माईक द्यायचा तर परत मिळायची आशा सोडूनच द्यावा. जगात कुठंही कामगाराला लाथ बसली तर कळ आपल्याला आली पाहिजे, असं ते म्हणत आणि खरोखर मानत.

याच कंपनीचा एक कारखाना इटलीत आहे. तिथल्या निम्म्या माणसांना घरी बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी संप केला. कंपनीनं तिथले साचे गुपचूप विमानात घालून वाळूजला आणले आणि दुप्पट ओव्हरटाइम जाहीर केला. मग जगभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाकडून इथल्या युनियनला निरोप आला. सोबत तिथल्या कामगारांची पुढारी मार्ता हिची विनवणी होती: आमचं काम तुम्ही केलंत तर आमचा संप मोडेल.

"घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," युनियनचे सेक्रेटरी काकासाहेब म्हणाले. सगळे खो खो हसले. पण साहेबराव उठले, आणि एकदा उठले म्हटल्यावर संपलंच. ते खाली बसले तेव्हा हॉलमधले सगळे हात वर होते. पर्मनंटांपैकी एकानंही इटलीच्या साच्याला हात लावला नाही. साहेबरावांना त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कंपनीनं काय केलं, ते काम कंत्राटी पोरांच्या गळ्यात घातलं.

त्या पोरांत साहेबरावांचा भाचा होता, बुद्धभूषण. बहीण रत्नमाला विधवा. पोराला ठेकेदाराकडं चिकटवलं होतं साहेबरावांनीच. मामा गेटवर आडवे आले.

"भूषण, ते साचे हाती घ्यायचे नाय. तिकडं माणसांच्या पोटावर पाय येतोय."

"आन आमच्या पोटावर आला तर, मामा?"

"युनियन हाय ना. मी हाय ना."

पोरानं मामाचा शब्द मानला. त्याच्या जोडीच्या चौघांनीही मानला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्डावर गेट उघडेना. ठेकेदार म्हणाला, काम संपलं.

साहेबराव तडक काकासाहेबांकडं गेले. काकासाहेब वाईट माणूस नव्हे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "साहेबराव, ती पोरं आपले मेंबर नाय."

"का नाय?"

"तुमीच कमिटीत व्हता की वो, इतकी वर्षं."

खरंच होतं ते. कंत्राटी पोरांना मेंबर करून घ्यायचा विषय मागे निघाला होता, तेव्हा आपला पगारवाढीचा करार अडकेल म्हणून साहेबरावांनीही हात खाली ठेवला होता. कँटीनमध्ये ती पोरं मागून जेवायची, वेगळ्या बाकांवर, उरलंसुरलं. बापाच्या कपाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला हे रोज दिसत होतं आणि दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी प्रेसच्या धडधडीत साहेबराव रडले. लाज वाटली म्हणून रडले.

उरलेल्या पोरांच्यानं ते साचे धड चालेनात, माल अडला, आणि तिकडं कामगारांनी संप जिंकला. माणसं कामावर राहिली. मार्ताचे आभार आले, वाळूजला पेढे वाटले गेले. साहेबरावांना पेढा गिळवेना. त्यांनी फोनकडून मराठीचं इंग्रजी करून घेतलं आणि मार्ताला पोरांची हकीकत कळवली; इटलीला लिहिलंय, एवढं भूषणच्या कानावर घातलं. बाईचं उत्तर लगेच आलं. या पोरांसाठी आम्ही इथं एक दिवस काम बंद ठेवू, कंपनीच्या मालकांना जाब विचारू. फक्त तुमच्या युनियननं तशी मागणी करायला हवी. तुम्हाला डावलून आम्हाला मधे पडता येत नाही.

पुन्हा मीटिंग झाली. तोच हॉल, तीच माणसं. या वेळी साहेबराव थोडंच बोलले. हात वर झाला एकच, त्यांचा स्वतःचा.

"कराराची बोलणी चालू हायेत," काकासाहेब खाली बघत म्हणाले. "ऐन टायमाला नको."

लांबच्याला भाऊ म्हणायला काही लागत नाही. जवळच्याला म्हटलं की तो वाटा मागतो. मला त्या माणसांचा राग येतो, आणि त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याची खात्रीही देववत नाही.

तिथून साहेबराव वाळूजशेजारच्या रांजणगावला, बहिणीच्या खोलीवर गेले. भूषण आता शहागंजच्या बाजारात पोती उतरवतो. नुकताच येऊन तो हातपाय धूत होता. मामाचा चेहरा बघून त्यानंच विचारलं, "नाय म्हनले ना इटलीवाले?"

साहेबराव दारातच थांबले. खरं सांगायचं तर हॉलमधल्या एकेकाचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यातले निम्मे याच गल्लीत राहत होते, पोराला रोज जय भीम घालत होते. आणि सगळ्यात आधी स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं. आयुष्यभर बोललेल्या माणसाला तेवढं बोलवेना.

"व्हय," ते म्हणाले. "नाय म्हनले."

भूषणनं टॉवेल खांद्यावर टाकला, मामाचा हात धरून त्यांना आत आणून बसवलं.

"जाऊ द्या, मामा. तुमी नका जिवाला लावून घेऊ. परकेच ते. आपली मानसं असती तर उभी ऱ्हायली असती."

साहेबराव पुन्हा "व्हय" म्हणाले.